न ढकलणारे साडभाऊ

आमच्या साडभाऊंइतका हळू माणूस देवाने पुन्हा घडवला नसावा, आणि घडवायला घेतला असेलच तर तो अजून पुरा व्हायचा असेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगाने असे ऐसपैस, की त्यांच्या स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाला अख्ख्या प्रवासात रायपूर फक्त डावीउजवीकडून दिसतं, समोरून कधीच नाही. इथल्याच एका कॉलेजात शिकवतात, आणि शिकवून उरलेल्या वेळात, म्हणजे खाता-पिता, उठता-बसता, सासुरवाडीच्या लग्नांत आणि तेराव्यांत, एकाच गोष्टीचा विचार करतात: आपल्या शरीरातल्या पेशीत, जिथे तीळ ठेवायला जागा नाही इतकी दाटी असते, तिथे प्रोटीनसारखे धिप्पाड रेणू इकडून तिकडे जातात कसे? माझं लग्न जमलं तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की मुलीचे जिजाजी सायंटिस्ट आहेत. मला वाटलं, रॉकेट उडवत असतील. पहिल्याच भेटीत मी अदबीने विचारलं, "मग तुमचं ते प्रोटीन जाऊन जाऊन किती लांब जाते जी?" त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांच्या मधली जागा दाखवली. जागा नव्हतीच. "याच्याहून लय कमी," ते आनंदाने म्हणाले, "आन् तेही लवकर नाही पोचत." मी सरकारी कार्यालयात बाबू आहे. माझ्या टेबलावरच्या फायलींची चाल मला ठाऊक असल्यामुळे आमचं त्या दिवसापासून जमलं.

त्यांचा सगळा राग एका गैरसमजावर होता. "लोकाले वाटते, पेशी म्हंजे पाण्याची पिशवी. काहीही टाका, तरंगत जाईन. पाणी कायचं? पिठलं हाय ते, पिठलं! आन् तेही पहिल्या दिवशीचं नाही, दुसऱ्या दिवशीचं!" हे ते आमच्याकडे पानात पिठलं पडत असतानाच म्हणायचे, त्यामुळे माझी बायको दुखावायची. एकदा जेवणानंतर त्यांना हे सिद्ध करून दाखवण्याची हुक्की आली. स्वयंपाकघरातून आईच्या फुटाण्यांचा डबा आणला, तळाशी एक लिंबू पुरलं, वरून मूठभर राजगिरा टाकला आणि आम्हा सगळ्यांना भोवती बसवून डबा हळूहळू हलवायला लागले. "आता पाहा. बारीक दाणे भराभर फटींतून खाली जातीन. मोठा बिचारा लिंबू मात्र जागच्या जागी राहीन. त्याले जागाच नाही." राजगिरा सांगितल्याप्रमाणे खाली गेला. आणि मग, सगळ्यांच्या देखत, लिंबू डुलत डुलत वर आलं आणि फुटाण्यांवर बसलं. साडभाऊंनी लिंबाकडे असं पाहिलं, जसं काही ते कॉपी करताना सापडलेलं पोट्टं आहे. "हे वेगळं हाय," ते शेवटी म्हणाले. "इथं वजन आलं, धक्के आले. पेशीत असं होत नाही." माझी आई म्हणाली, "राहू द्या जी जावईबापू. तुमी शिकलेले हा, लिंबाले कोठी शाळा हाय?" पुढे कित्येक महिने ते आमच्याकडे लिंबू-सरबत घेत नव्हते.

पण खरे साडभाऊ पाहायचे तर गर्दीत. जी तत्त्वं पेशीला, तीच माणसाला, असा त्यांचा ठाम विश्वास असल्यामुळे ते आयुष्यात कुणाला ढकलत नाहीत, 'हटो भैया' म्हणत नाहीत, कोपर लावत नाहीत. पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही सगळे पंडरीच्या कापडबाजारात गेलो होतो. लग्नसराईतली पंडरी! गाठोडी, हमाल, मोटारसायकली आणि मामी-काकूंचे जथे. बायका पदर खोचून घुसल्या, मी त्यांच्या मागे घुसलो, आणि साडभाऊ गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. नुसते उभे नाहीत, जागच्या जागी डुलत. किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. एका दुकानदाराने स्टूल पुढे केलं, "भैया, चक्कर आ रहा है क्या?" साड्या घेऊन, घासाघीस करून, वर एकदा भांडून आम्ही परत आलो तेव्हा साडभाऊ त्या दुकानापासून पलीकडच्या दुकानापर्यंत पोचले होते आणि चेहऱ्यावर एव्हरेस्ट चढल्याचं समाधान होतं. "पाहालं?" ते म्हणाले. "जोर लावून काही होत नाही. हलत राहाचं. आजूबाजूचे हलले का फट पडते, फट पडली का आपण सरकतो." माझ्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, साड्यांची गाठोडी त्यांच्या हातात कोंबली. "आमी तीन दुकानं फिरून आलो बापा, आन् हे सरकून राहिले!" लग्नाच्या बुफेतही तेच. ते ताट घेऊन रांगेत लागतच नाहीत. गुलाबजामच्या टेबलाभोवती पोट्टे कसे पायांमधून सुळकन जातात आणि फुफाजींसारखे, म्हणजे आत्याच्या यजमानांसारखे, भरदार लोक कसे अडकतात, हे बघत राहतात. भनपुरीला ट्रकांचा जाम लागला की सगळं शहर शिव्या देतं. हे स्कूटर बाजूला लावून बघायला थांबतात. मी त्यांच्या मागे बसलेला असलो तर मलाही थांबावं लागतं, पण मला अर्थातच काही दिसत नाही.

एकदा मोठ्या मिनतवारीने त्यांनी मला आपल्या प्रयोगशाळेत नेलं. अंधारी खोली, एक अवाढव्य सूक्ष्मदर्शक आणि पडद्यावर एक हिरवा ठिपका. प्रोटीनला म्हणे चमकणारं शेपूट लावतात, म्हणून ते दिसतं. तो ठिपका जागच्या जागी थरथरत होता. मी पाच मिनिटं पाहिलं, दहा मिनिटं पाहिलं, मग भीत भीत विचारलं, "मशीन बिघडली काय जी?" साडभाऊ कुजबुजत म्हणाले, जसं काही तो ठिपका झोपलाय. "पिंजऱ्यात हाय तो. कोणी मुद्दाम बांधला नाही. शेजारीपाजारीच इतके चिकटून उभे हायेत, का त्यायचाच पिंजरा झाला. तो धडपडून राहिला, पण धडपडून सुटत नाही. आता शेजारी जरासे हलतीन नं, तवा पाहा." मी पाहायला सज्ज झालो आणि नेमका त्याच वेळी मला डुलकी लागली. त्यांच्या आनंदाच्या आरोळीने जागा झालो तेव्हा ठिपका पडद्याच्या दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा थरथरत होता. "उडी पाहाली?" "हव, पाहाली नं!" मी म्हणालो. मीटिंगांमध्ये हेच करून माझी नोकरी टिकली आहे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं होतं. आमच्या मृणालचं झालं नसतं तर आजही हसण्यावारीच नेलं असतं.

मृणाल ही आमची एकुलती एक. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी तिला दुसऱ्या शहरात कोचिंगला ठेवली होती. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही जमलं नाही. ती घरी आली, बॅग न उघडता आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आधी आम्हाला वाटलं, थकली असेल. मग जेवणाचं ताट तसंच्या तसं परत यायला लागलं. बोलणं बंद, आंघोळ कधीतरी, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या, मुलीला एकटं सोडू नका म्हणाल्या, आणि वेळ द्या म्हणाल्या. गोळ्या कशा द्यायच्या ते लिहून दिलं होतं, वेळ कसा द्यायचा ते कुठेच लिहिलं नव्हतं.

मग आम्ही आमच्या परीने दिला. बायको दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि दर थोड्या वेळाने, "मिनू, काही खातं का बेटा?" आई रोज संध्याकाळी मीठ-मोहरी घेऊन बंद दाराचीच दृष्ट काढायची. वरच्या मजल्यावरच्या दीदी येऊन दाराला तोंड लावून सांगायच्या, "बेटा, हमारे भतीजे का तो तीसरी बार में हुआ था!" अमरावतीचे, भंडाऱ्याचे, दुर्गचे नातेवाईक फोनवर यायचे आणि फोन दारापाशी धरला जायचा. आणि मी? मी रोज ऑफिसातून धीर देणारी सुवचनं छापून आणायचो आणि दाराखालून आत सरकवायचो. 'गिरते हैं वही जो चलते हैं' असली. एकदा आतून एक कागद परत बाहेर आला. मी धावत उचलला. माझंच सुवचन होतं, चुरगाळून सपाट केलेलं. सगळे प्रेमानेच करत होते हो. पण घरी गेलं की असं वाटायचं, दारावर मोर्चा आलाय.

अशात एका रविवारी साडभाऊ आणि ताई आले. साडभाऊ मृणालच्या दारापाशी गेलेच नाहीत. समोरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले आणि दुपारभर आमच्याकडे बघत राहिले. बायको उठते, दार वाजवते, बसते. आई येते, ओवाळते, जाते. मी येतो, वाकतो, कागद सरकवतो. दीदी उतरतात. फोन वाजतो. संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "पोट्टी धडपडून राहिली. पण तुमी सारे तिले चिकटून उभे हा."

मला राग आला. "मंग काय करावं? तिले वाऱ्यावर सोडावं काय?"

"नाही नाही. मोकळ्यावर सोडलं तर प्रोटीन उलगडून जाते, त्याचा आकारच राहात नाही. शेजार पाह्यजेच. फक्त थोडा हलता पाह्यजे. आता तिले हलवू नका. तुमी हला."

बायको इतके दिवस आवरून होती, ती रडायलाच लागली. "जिजाजी, तुमाले प्रोटीनचं सुचून राहिलं! मी इथून उठली आन् आत तिनं काही बरंवाईट करून घेतलं तं?"

घरात हे वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. सगळ्यांच्या मनात तेच होतं. साडभाऊंचा चेहरा पडला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणून तर तुमची ताई इथं राहीन. घर रिकामं नाही ठेवाचं. पण ताई दाराशी नाही बसणार. सैपाकघरात बसन, आपलं काम करन. कोणीतरी हाय, इतकं पोट्टीले ऐकू आलं म्हंजे झालं. आन् दाराची आतली कडी मी आज काढून घेतो. तेवढी विचारून काढतो." आणि दाराशी जाऊन त्यांनी खरंच विचारलं, "मृणाल, कडी काढू काय बेटा? बाकी काही नाही बोलत." बऱ्याच वेळाने आतून आलं, "निकाल लो, मावसाजी." त्यांनी कडी काढली, स्क्रू खिशात टाकले आणि बाकी खरंच काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून आमची रोजची हकालपट्टी सुरू झाली. संध्याकाळ झाली की ताई यायच्या, मटारच्या शेंगा घेऊन स्वयंपाकघरात बसायच्या. आईला दीदींकडे वर धाडलं जायचं, चिंच फोडायला. म्हणजे दीदीही वर अडकल्या. नातेवाइकांचे फोन साडभाऊंनी स्वतःच्या नंबरावर घेतले आणि प्रत्येकाला पेशीची रचना समजावून सांगितली. एकदा ऐकलेल्याने पुन्हा फोन केला नाही. आणि आम्हा नवराबायकोला ते तेलीबांधा तलावावर फिरायला न्यायचे. तिथल्या फरसबंद काठाला आम्ही रायपूरवाले थाटात मरीन ड्राइव्ह म्हणतो. साडभाऊंबरोबर तिथे फिरणं म्हणजे काय! दोन पावलं चालायची आणि थांबायचं. पोट्टे सायकलवरून, जोडपी हातात हात घालून, बायका गप्पा मारत आमच्या बाजूंनी निघून जायच्या आणि आम्ही तिघं प्रवाहातल्या धोंड्यासारखे उभे. बायकोचा जीव घरी. गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यासमोर उभी राहून ती रडायची. ठेलेवाल्याला वाटायचं तिखट जास्त झालं. तो बिचारा दर वेळी पाणी बदलून द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात मी फितुरी केली. चप्पल तुटल्याचं निमित्त करून ऑटोने घरी आलो आणि खिडकीतून डोकावणार, तोच मागून स्कूटर आली. बायको मागे बसली होती, म्हणजे तिला काही दिसलं नसावं, पण साडभाऊंनी मला रंगेहात धरलं. मला वाटलं, आता व्याख्यान. ते फक्त म्हणाले, "चाला. मलेही पाहूशी वाटून राहिलं होतं." परत तलावावर बसलो तेव्हा मी विचारलं, "साडभाऊ, खरं सांगा. याचा उपयोग होते नं?"

"प्रोटीनवर जन्म गेला. पोट्टीवर पयलीच वेळ हाय," ते म्हणाले. "मले झोप नाही लागून राहिली, भाऊ."

दिवस तसेच गेले. कधी ताट अर्धं रिकामं यायचं, कधी नाही. ताई सांगायच्या, आज दार थोडं उघडं होतं. उद्या पुन्हा बंद. आणि मग एका संध्याकाळी आम्ही परतलो, पायऱ्यांवरूनच नेहमीसारखे मोठ्याने खाकरलो, दार ढकललं, तर स्वयंपाकघरातून आवाज आला. ताईंचा नव्हता.

"मावशी, ये मटर में तो इल्ली है. तुम देख के नहीं छील रही."

"मले चष्मा कुठी हाय बापा. अळ्या तूच पाह्य."

माझी बायको बाणासारखी निघाली. साडभाऊंनी तिच्या पदराचं टोक धरलं आणि दुसऱ्या हाताने माझी बाही. त्या एवढ्या देहाच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला जोर लावला असेल. तोंडाने नुसतं, "हळू. हळू." मग काय करावं ते कुणालाच सुचेना. तिघंही दाराशी वाकलो आणि चपला काढायला लागलो. इतका वेळ चपला कुणी काढल्या नसतील. काढल्या, जोडीने लावल्या, जोड्या बदलल्या, पुन्हा लावल्या. तेवढ्यात आई वरून उतरली. आम्हाला असं ओणवं पाहून विचारणार, तोच तिलाही आतला आवाज ऐकू आला. म्हातारी आमच्या शेजारी वाकली आणि स्वतःची चप्पल शोधायला लागली. ती अनवाणीच गेली होती.

मृणाल मटारची परात घेऊन बाहेर आली. केस विंचरलेले नव्हते, चेहरा उतरलेला, पण डोळे आमच्याकडे होते. आम्हा चौघांना एकावर एक ओणवे पाहून थबकली. "क्या गुम गया?" तिने विचारलं.

"काही नाही," माझी बायको म्हणाली. "काही नाही गुमलं, बेटा."

एका उडीत सगळं झालं असं मी म्हणणार नाही. मधे वाईट दिवसही आले, डॉक्टरीणबाईंच्या फेऱ्याही चालूच राहिल्या. पण ती आधी स्वयंपाकघरापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग आमच्याबरोबर तलावापर्यंत आली, आणि साडभाऊंच्या चालीला कंटाळून पुढे निघून गेली. त्या दिवशी ते इतके खूष झाले की सगळ्यांना गुपचूप खाऊ घातलं. वर्ष सरता सरता तिने स्वतःहून जाहीर केलं, की डॉक्टर नाही व्हायचं, भूगर्भशास्त्र शिकायचं, मध्य प्रदेशातल्या सागरला जाऊन. बायको म्हणाली, "इतकं सारं करून शेवटी गोटेच निवडले!" पण डोळे पुसत हसत होती. मी साडभाऊंचे आभार मानायला शब्द जमवून गेलो होतो, चांगले दोन-तीन परिच्छेद. त्यांनी पहिल्याच वाक्याला हात वर केला. "मी तिले हात तरी लावला काय? तुमी हलले." आणि वर, "आन् लय जड हा जी तुमी लोक."

आता मृणाल सागरला असते. घरात भरपूर जागा झाली आहे, कुणी कुणावर आपटत नाही, आणि मी ऑफिसातून वेळेवर येऊनही काही उपयोग होत नाही. साडभाऊ मात्र रोज संध्याकाळी येतात. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, त्या सगळ्या रहदारीतून, आपल्या चालीने. मी एकदा विचारलं, काहून इतका त्रास घेता? तर म्हणाले, "विरळ झालं का रेणू लवकर पोचतात, भाऊ. पण भेटत कोणी नाही. थोडी दाटी पाह्यजे." आणि बसून राहिले, कारण तिच्या फोनची वेळ झाली होती.

फोन आला की आई चष्मा शोधते, बायको हात पुसत येते, मी फोन धरतो आणि साडभाऊ मागून वाकतात. त्या एवढ्याशा काचेपुढे आमची डोकी एकमेकांवर आपटतात. पलीकडून मृणाल उन्हाने रापलेली, हातात कुठलासा दगड घेऊन हसत असते. "पापा, जरा मागे सरका नं. मावसाजी, तुमी पण. काहीच दिसून नाही राहिलं!"

कुणीही सरकत नाही. सगळ्यात पुढे साडभाऊंचंच डोकं असतं.